साल विचारायचं नसतं

गिटारच्या प्लेटवरची पारदर्शक पट्टी काही केल्या सरळ निघत नव्हती. नखानं कोपरा उचलावा, तर तेवढाच तुकडा हातात यायचा. अंकुशनं अर्धा तास खरवडून ती काढली आणि चायना मालाला चार शिव्या हासडल्या.

मनीषनगरच्या त्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत, जुन्या चादरीवर बास गिटार आडवी पडली होती. चार जाड तारा, लाकडी अंग, अंगावर एक ओरखडा नाही. वर एका जुन्या जपानी कंपनीचं नाव होतं, पण अशी नावं हल्ली कोणीही छापतं.

महालातल्या प्रेमलताबाई घर रिकामं करून लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. त्यांच्याकडे बास आहे असं कळताच अंकुश धावत गेला होता. पेटी उघडली तसा डांबरगोळ्यांचा वास आला, आणि मऊ सुती कापडातून ती लखलखीत वस्तू बाहेर निघाली. अंकुशचा चेहरा तिथंच पडला. जुना बास असा दिसत नाही, हे त्याला शंभरदा ऐकवलं गेलं होतं. तरी त्यानं घेतला, कारण दुसरा मिळत नव्हता.

साल मात्र त्यानं विचारलं नाही. जुनी वाद्यं जमवणाऱ्यांचा तो पहिला नियम आहे. साल विचारलं की मालक जागा होतो आणि वस्तू हातची जाते.

सगळा खटाटोप डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी होता. सक्करदऱ्याचे रुपरावकाका उमेदीत ऑर्केस्ट्रात बास वाजवायचे. आता दर रविवारी त्यांच्याकडे बासवेड्यांची बैठक भरते आणि वर्षातून एकदा सगळे स्टेजवर वाजवतात. अट एकच, बास ऐंशी सालाच्या आधीचा हवा. अंकुशचा आधीचा बास नवा होता. म्हणून तीन वर्षं तो स्टेजखाली स्पीकर उचलत आणि वायरी गुंडाळत होता. वाजवायचा मात्र सगळ्यांपेक्षा सरस, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"नव्या बासले आवाजच नसते गा," असं संजीव दर रविवारी म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या बासची मान एकाची, अंग दुसऱ्याचं आणि चाव्या तिसऱ्याच्या होत्या. पण कडा झिजलेल्या होत्या, म्हणून त्याला पंक्तीत मानाचं पान मिळे.

सरळ बोटानं तूप निघत नाही, हे अंकुशला उशिरा कळलं. आता त्यानं पॉलिश पेपर आणला. हात टेकतो तिथलं पॉलिश लाकूड दिसेपर्यंत घासलं. लाकडात चहाचं पाणी मुरवलं, चाव्या व्हिनेगरमध्ये बुडवल्या, ऑक्टोबरच्या उन्हात बास रोज तापवला. मागच्या लोखंडी पट्टीवर नंबर होता. नंबरावरून नक्कल पकडली जाते, म्हणून तो कानशीनं साफ उडवला.

"चांगली वस्तू काहून खराब करून राहिले तुमी?" त्याच्या बायकोनं, दीक्षानं दारातून विचारलं.

"तुले नाई समजणार वं," अंकुश म्हणाला आणि घासत राहिला.

रविवारी त्यानं पेटी उघडली तेव्हा संजीवनं शिट्टी मारली. "वा! हा असली माल आहे. पाहा काका, कसा झिजला आहे."

रुपरावकाकांनी चष्मा लावला, भिंग घेतलं. कडेवरून अंगठा फिरवला आणि परत फिरवला.

"घामानं झिजलेली कड गुळगुळीत लागते," ते म्हणाले. "हे कागदानं घासलं आहे. नंबर कुठं गेला?"

"मले पाहताच शंका आली होती," संजीव लगेच म्हणाला.

अंकुशचं डोकं सटकलं. तीन वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर पडलं. "हो, मीच घासला. नवी नक्कल होती, मी जुनी केली. तीन वर्षं झाले तुमचे स्पीकर उचलून राहिलो मी. वाजवतो कसा, हे कोणी विचारतच नाई. तुमाले ओरखडेच पाहिजे होते ना? घ्या ओरखडे."

संजीवनं नजर चुकवली. बोलून गेल्यावर अंकुशलाच लाज वाटली, पण हलकंही वाटलं. आता स्टेजही नको आणि हे रविवारही नकोत, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

रुपरावकाकांनी मात्र पेचकस मागवला. मागचे चार स्क्रू काढले, मान अंगापासून सुटी केली आणि आतल्या कोऱ्या लाकडावर, कारखान्याचा शिक्का असतो तिथं, भिंग धरलं. बराच वेळ ते तसेच वाकून होते. मग त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"ज्यानं देल्ला, त्याले फोन लाव," ते म्हणाले. "साल विचार."

"आता कायले, काका? सांगून तर राहिलो, नवीनच होता म्हणून."

"विचार, बाबू."

अंकुशनं वैतागून फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून स्पीकरवर टाकला. "काकू, अंकुश बोलून राहिलो. तो बास कधीचा होता?"

"चौऱ्याहत्तरचा," प्रेमलताबाई म्हणाल्या. "माह्या दादानं मुंबईहून आणला, अन् दुसऱ्याच महिन्यात तो वारला. आई जिवंत होती तोवर रोज पुसे, मग मी पुसत होती. पन्नास वर्षं कोणाले बोट लावू देल्लं नाई आमी. तू किती जपून हातात घेतला ते पाह्यलं, म्हणून तुले देल्ला. एकबी ओरखडा पडू देऊ नको, बाबू."