निधनाची बातमी

सकाळचा चहा पिताना जनरल ओस्ताप्चुकनी रेडिओवर स्वतःच्याच निधनाची बातमी ऐकली. "हृदयविकाराचा झटका. क्रांतीचा निष्ठावंत सेनानी हरपला."

"चूक झाली असेल हो," त्यांची बायको वार्वारा म्हणाली. "मुख्यालयात फोन करा ना!"

फोन त्यांच्याच सहायकाने घेतला. युद्धात त्यांनी त्याला गोळीबारातून पाठीवर उचलून आणलं होतं. "अरे, मी बोलतोय," ते म्हणाले. मग "फार वाईट झालं, साहेब," एवढंच पुटपुटून त्याने फोन ठेवला.

पक्षाच्या मर्जीतून उतरलेले आणखी दोन सेनापती नुकतेच असे झटक्याने गेले होते. त्यांच्या शवपेट्या बंद का, हे खांदा देताना जनरलनी विचारलं नव्हतं.

दार वाजलं. दोन अधिकारी पुष्पचक्र घेऊन आत आले आणि टोप्या काढून वार्वारासमोर उभे राहिले. जनरलकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"कॉम्रेड, तुमच्या दुःखात पक्ष सहभागी आहे. आम्ही पार्थिव न्यायला आलोय."

वार्वाराने नवऱ्याचा हात घट्ट धरला. त्यांनी तिची बोटं हळूच सोडवली, कोट चढवला आणि ते स्वतःच्या पायांनी जिना उतरून गेले.