हलला तर उजेड

कुवेतमधल्या महागड्या पर्सांच्या शोरूमनं वीजबचत मनावर घेतली, तेव्हा गोदामातल्या दिव्यांना सेन्सर प्रभाकरनंच बसवले. माणूस हलला तर उजेड, स्वस्थ बसला की काळोख. आज दुपारी तिथंच खोक्यावर बसून तो गावाकडचा व्हिडिओ कॉल बघत होता. अंगणात आईची तिरडी बांधून झाली होती. "दादा, तुझ्यासाठी थांबता येत नाय. डोळे भरून बघून घे," धाकटा भाऊ म्हणाला. प्रभाकर तिच्या ओठांवरचं तुळशीपान पापणी न हलवता बघत राहिला. दिवा विझला. "दादा, दिसत नाय तू!" त्यानं घाईघाईनं हात वर करून हलवला. उजेड आला. अंगणातल्या लोकांना मात्र त्याचा हलता हात तेवढा दिसला. "पोरानं निरोप दिला," काका म्हणाले. "उचला आता." "थांबा!" तो ओरडला. पण तोवर भावानं खांदा द्यायला फोन खिशात टाकला होता.