टेप लावलेली वायर

थोरलीने पाव काढायच्या लाकडी फावड्याचा दांडा असा हाणला, की आईचा हात यंत्रावरून सुटला आणि आई मागे पिठाच्या पोत्यांवर कोसळली. धाकट्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला. बेकरीत भट्टीचा उजेड तेवढा उरला.

"आई! अगं, बोल काहीतरी!"

"जिवंत आहे," आई म्हणाली. "ओरडू नकोस." तिने डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं दाबून बघितली. बोटांना काही कळत नव्हतं.

घरात दोन-दोन वायरमन, आणि शॉक कुणाला, तर त्यांना जन्म देणारीला! पीठ मळायचं नवं यंत्र, त्याला नवी केबल, बहीणभावांनी सकाळभर खपून ओढलेली. थोरली मेनच्या बाजूला, धाकटा यंत्रापाशी. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून आईने बटण दाबलं, यंत्र हललं नाही, म्हणून तिने भांड्याला हात लावला. एवढाच तिचा गुन्हा.

थोरलीने यंत्राचं मागचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि तिचं डोकंच फिरलं.

"फेज बॉडीला? अरे गाढवा, करंटची वायर यंत्राच्या अंगाला जोडलीस? तिथे अर्थिंग लावतात!"

"मग अर्थिंगच लावलं! तूच तिला टेप गुंडाळली होतीस ना?"

केबलच्या तिन्ही वायरी काळ्या. दुकानात तशीच मिळाली होती. ओळखायला म्हणून थोरलीने एकीला टेप लावली होती.

"टेप म्हणजे फेज! हिच्यापासून लांब राहा, म्हणून लावतात!"

"मी अर्थिंगला लावतो. हिला हात लावला तरी चालेल, म्हणून."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

एकाच पिशवीतली हत्यारं वापरणारी ही दोघं, आणि खुणेचा अर्थ एकाचा पूर्वेला, दुसरीचा पश्चिमेला. आजवर रंगीत वायरी मिळत गेल्या, म्हणून निभावलं. बरं, विचारायला तोंड नव्हतं का? होतं की. भांडायला पुरत होतं.

"पण तपासून बघायला काय धाड भरली होती तुला?"

"तू खूण केली होतीस. विश्वास ठेवला तुझ्यावर!"

"विश्वास पानिपतात गेला! आता आई जात होती!"

"मग आधी सांगायचं होतंस! चोराच्या उलट्या बोंबा!"

"झालं?" पोत्यांवरून आई म्हणाली. "आधी ते नीट करा. मग एकमेकांचे गळे धरा."

थोरलीने दोन्हीकडची टोकं सोडवली. सेल आणि छोटा बल्ब घेऊन एकेक वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत लावून बघितली. धाकट्याने फेजला लाल टेप लावली, अर्थिंगला हिरवी. टोकं नव्याने सोलली, त्यांवर लगच्या धातूच्या टोप्या दाबून बसवल्या, स्क्रू आवळले. अर्थिंग बॉडीला, बाकीच्या दोन्ही आपापल्या जागी. हे सगळं करताना दोघंही नुसती धुसफुसत होती.

"झालं, आई," शेवटी धाकटा म्हणाला. "आता खुशाल हात लाव. काही होणार नाही."

आई उठली. "तुम्ही लावा," ती म्हणाली. "दोघंही. मी मेन चालू करते."

दोघांनी भांड्यावर हात ठेवले. आई मेनपाशी गेली. उजवा हात वर जाईना, म्हणून तिने डावा खटक्यावर ठेवला.

"थांब, थांब!" थोरली ओरडली. दोघांनी एकदमच हात काढून घेतले. धाकट्याने खिशातून टेस्टर काढला.

"एकदा टेस्टर लावून बघू दे, आई. मग ठेवतो हात."

आई त्या टेस्टरकडे बघत राहिली. मग तिने खटक्यावरचा हात खाली घेतला.

"सकाळीही तो खिशातच होता ना रे?"

आईने परात पुढ्यात ओढली आणि डाव्या हाताने पीठ मळायला घेतलं.