देवाच्या वळणावरची पायवाट

"उतरा, ओझ्यांनो!" उल्यानाचा सासरा खेकसला. उल्याना आणि सासू अग्राफेना दोघी काठावर उतरल्या. सायबेरियातल्या आमच्या खांती लोकांत नदीच्या पवित्र, देवाच्या वळणावरून बाईमाणूस होडीतून जात नाही. उन्हाळ्यात मासेमारीच्या जागी जाताना पुरुष होडी वळणावरून नेतात, बायका पायवाटेने पलीकडे जाऊन थांबतात. नदी तिथे एवढा मोठा फेरा घेते, की वल्ही मारून मारून पुरुषांची दुपार होते. पायवाटेला मात्र फार तर चहा उकळेल एवढा वेळ.

येफिमने बापाच्या मागे बसून वल्हं उचललं. बायकोकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. बरंच झालं, उल्यानाला वाटलं. पायवाटेच्या मध्यावर एक ओहोळ लागतो. तो दुसऱ्याच नदीला मिळतो, तिच्या माहेरच्या नदीला. तिथे तिचा भाऊ तिमोफेय होडी घेऊन थांबला होता. अडचण एकच होती, सासूची.

"टाक तो रुमाल मागे," अग्राफेना म्हणाली. "सासरा गेला. आता कुणापासून तोंड लपवतेस?"

उल्यानाने रुमाल मागे टाकला. डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. सासूने ते पाहिलं आणि नजर वळवली. मारणारा मुलगा तिचाच.

"सासूबाई, तुम्ही व्हा पुढे. मी जरा फळं वेचून येते."

"पायाखाली नुसतं शेवाळ, आणि म्हणे फळं! चल, मीही येते."

झालं! म्हातारी जळवेसारखी चिकटली. उल्याना भराभर चालू लागली, तर तीही धापा टाकत मागे. ओहोळ आला. चाहूल लागताच तिमोफेय झुडपांतून उठून उभा राहिला.

उल्यानाने सासूचे पाय धरले. म्हातारीने एक हाळी दिली असती, तर ती नदीपर्यंत ऐकू गेली असती.

"तुमच्या पाया पडते, ओरडू नका," ती रडत म्हणाली. "परत गेले तर एक दिवस तो मला मारून टाकेल हो!"

अग्राफेना होडीकडे बघत राहिली. मग तिने झगा वर खोचला, पाण्यात उतरली आणि सरळ होडीत जाऊन बसली.

"सरक रे पोरा," ती तिमोफेयला म्हणाली. "लग्न होऊन आल्यापासून दर उन्हाळ्यात ही वाट तुडवतेय मी. माझ्यासाठी एकदासुद्धा कुणी होडी आणली नाही."