आठव्या नंबरची भक्ती

"डोपिंगवाले आलेत! बाटल्यांचा डबाच हाय संगं!"

कुणीतरी ओरडलं आणि परभणीच्या मैदानावर, आठशे मीटरच्या रेषेवर उभ्या आठ पोरींपैकी सात जणींना एकदम काहीतरी व्हायला लागलं. कुणाच्या पोटात कळ आली, कुणाचा पाय मुरगळला. गेल्या वर्षी पहिली आलेली अर्पिता तर चक्कर येते म्हणून बॅग उचलून रिक्षात जाऊन बसली. चक्कर आलेलं माणूस इतकं झपझप चालतं, हे भक्तीला नवीनच कळलं.

भक्ती पिंगळी गावची. दोन वर्षं लागोपाठ आठवी, म्हणजे शेवटची. तिला पळायला शिकवणाऱ्या दत्ता सरांनी तिलाही सुई देऊ केली होती. "समद्याच घेतेत. ताकदीचं औषध हाय. कोण तपासायलंय?"

"सर, आमच्या म्हशीला सुई लावली व्हती," भक्ती म्हणाली होती. "आता सुईबिगर ती पान्हाच सोडत न्हाई. मला तसं न्हाई व्हायचं."

"मग ऱ्हा आठवीच!" सर कडाडले होते. तो शब्द तिला फार लागला होता.

आता लिंबाखाली डबा उघडून बसलेल्या दोघांकडं ती ताठ मानेनं गेली. कर नाही त्याला डर कशाला! दोन मिनिटं बोलली आणि हसू दाबत रेषेवर परत आली.

"एकटीच पळणार?" शिट्टी घेतलेल्या बाईंनी विचारलं. "नियम तोच बरं का. अडीच मिनिटांच्या आत आलीस तरच राज्याला."

"पळते की, मॅडम."

भक्ती सुटली. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. दुसऱ्या फेरीत पोटऱ्या पेटल्या, तरी सरांचा तो शब्द तिला ढकलतच राहिला. बाईंनी घड्याळ दोनदा पाहिलं. दोन मिनिटं अठ्ठावीस सेकंद. इतकी जोरात ती आजवर कधीच पळाली नव्हती.

दत्ता सर घाम पुसत जवळ आले. आवाज पार खाली गेलेला. "भक्ती, काय इचारलं गं त्यांनी? माझं नाव तर न्हाई ना घेतलंस?"

भक्तीनं सावकाश चूळ भरली.

"बोअर कुठं हाय, एवढंच इचारलं, सर. कृषी विद्यापीठाची माणसं हायेत ती. पाणी तपासायला आलेत."