एसीतलं दही

घरी आई वाट बघत असते, म्हणून माणसाने सुरक्षेशी कधीही तडजोड करू नये. ही शपथ सुरक्षा अधिकारी अवधूत दर वर्षी सुरक्षा सप्ताहात स्वतःचा उजवा हात पुढे करून अंबरनाथ एमआयडीसीतल्या कामगारांकडून वदवून घेतो. आत्ता तोच हात तो बायकोपुढे नाचवत होता.

"जळकं वगैरे काही नाही. एमआयडीसीकडून वारा आलाय."

"वारा काय, माईंच्या बाकाखालीच येऊन बसतो?" सुरुची म्हणाली.

"तुझं नाकच तसलं. पुरणपोळीच्या पंगतीतही त्याला आधी करपलेलं सापडेल."

तीन आठवडे हेच चाललं होतं. कधी वारा, कधी नव्या प्लायचा गोंद, कधी सुरुचीचं वय. बदलापुरात कुठलाही वास एमआयडीसीवर ढकलता येतो, ही तिथल्या नवऱ्यांची मोठीच सोय आहे.

बाक होता कॅरॅव्हॅनमधला. निवृत्तीनंतर भारतभ्रमण करायचं म्हणून अवधूतने उल्हासनगरला एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बाक, बेसिन, घडीचं टेबल असं सगळं बसवून घेतलं. भ्रमण झालं ते उल्हासनगर ते बदलापुरातली मांजर्ली, म्हणजे घरापर्यंत. मग सोसायटीची लिफ्ट बंद पडली, त्याच्या आईच्या, माईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि तिसरा मजला काही खाली येईना. तेव्हा माई पार्किंगमधल्या कॅरॅव्हॅनमध्ये राहायला आल्या. मे महिना, डोक्यावर पत्रा, म्हणून एसी. तो मात्र अवधूतने स्वतः बसवला, कारण वीज हा त्याचा विषय. एसीचा प्लग मोठा निघाला, सॉकेटची भोकं लहान. तरी अर्ध्या तासात गार हवा सुरू! मदत म्हणून त्याने घरातून फक्त काडेपेटी मागितली होती. सुरुचीला वाटलं, पूजेसाठी. तिने सोबत नारळ आणि उदबत्तीही नेऊन दिली.

आज तो पुरावाच घेऊन आला होता. कंपनीतलं तापमान मोजायचं पिस्तूल. त्याने एसीच्या जाळीवर नेम धरला, मग माईंच्या कपाळावर. दोन्ही आकडे उत्तम आले.

"झालं समाधान?"

सुरुचीच्या डोक्यात तिडीक गेली. रोज रात्री ती वरच्या घरात पंख्याखाली डोळे उघडे ठेवून पडायची, खालून माईंची हाक येतेय का ते ऐकत. शेजारी सुरक्षा अधिकारी घोरत असायचे. मागच्या आठवड्यात तिने वायरमन बोलावला, तर याने त्याला दारातच सुरक्षेचं एक पत्रक देऊन परत पाठवलं.

"निदान ती बाकाखालची फळी तरी काढून बघ."

"त्यासाठी मेन स्विच बंद करावा लागेल. माई उकडून निघेल. तुला तिची काही काळजी आहे की नाही?"

हे त्याने तिला विचारलं. तिने ताटं मांडली.

घडीच्या टेबलाशी तिघं जेवायला बसली. माई शाल पांघरून होत्या. दहीभाताचा पहिला घास घेताच अवधूत खूश झाला. "माई, दही काय लागलंय! अगदी कवडीसारखं!"

सुरुचीचा घास हातातच राहिला. तिने माईंच्या शालीकडे पाहिलं.

"माई, या गारठ्यात दही लागतं तरी कसं हो?"

"नव्हतंच लागत गं!" माई खुलल्या. इतक्या दिवसांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. "पहिले दोन दिवस सकाळी बघावं तर नुसतं दूध. मग मला जागा सापडली. माझ्या बाकाखाली, फळी सरकवली की आत. काठीने पातेलं ढकलते. गावच्या चुलीच्या वैलावर असायची ना, तशी ऊब आहे बघ तिथे. रात्री तर बोटं शेकून घ्यावीत."

अवधूतला ठसका लागला.

सुरुची उठली, दाराजवळचा मेन स्विच खटकन पाडला आणि मोबाइलच्या उजेडात फळी ओढून काढली. आत विरजणाचं पातेलं. त्याच्या मागे सॉकेट, तापल्या दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलेलं, काळपट. त्यात प्लग नव्हताच. प्लग कापून वायरीची उघडी टोकं भोकांत खुपसली होती आणि ती निसटू नयेत म्हणून बाजूला काडेपेटीतल्या दोन काड्या ठोकल्या होत्या. गुलासकट. एक काडी अर्ध्यापर्यंत कोळसा झाली होती. गूल अजून शिल्लक होता.

"ते तात्पुरतं होतं," अवधूत म्हणाला.

"हात पुढे कर."

"काय?"

"उजवा. आणि म्हण शपथ. आई इथेच बसलीय, तिला वाट बघायला लावू नकोस."

अवधूतचा हात मांडीवरून हलला नाही.

"अगं, दह्यावरून कसलं भांडता?" माई म्हणाल्या. "उद्या जास्त लावते."

त्या रात्री एसीचं काम अवधूतने केलं, हातपंख्याने. त्याचा हात थांबला की सुरुची नुसती बघायची.

दुसऱ्या दिवशी तोच वायरमन आला. "मूळ काम व्यवस्थितच होतं," अवधूत त्याला म्हणाला. "आमच्या मिसेसच्या समाधानासाठी बदलून घेतोय." सुरुचीने हातातला चहाचा कप वायरमनसमोर ठेवला. अवधूतचा आणलाच नव्हता. वायरमनने जाड वायर ओढली, मोठं सॉकेट बसवलं, एसी पुन्हा सुरू केला.

संध्याकाळी माईंनी दुधाला विरजण लावलं आणि काठीने पातेलं नेहमीच्या जागी ढकललं.

सकाळी पातेल्यात दूध होतं.