चौकटीची पूजा

हिंगोलीतल्या माझ्या प्लॉटवर घर उभं राहत होतं. चौकट बसवायच्या दिवशी पूजेला माझे धाकटे दीर विश्वंभर आणि जाऊ बसले. “वैनी, दादा न्हाईत आता. तुमी पुढं येणं बरं दिसत न्हाई,” दीर म्हणाले. “काम सुरू केल्याची खबर नगरपालिकेत मीच देतो.” तेव्हापासून मजूर त्यांनाच मालक म्हणू लागले.

काल भिंत कोसळली, एका मजुराचे दोन्ही पाय गेले. आज नगरपालिकेचे साहेब आले.

“काम सुरू केल्याची खबर भिंत पडल्यावर देता? मालकावर गुन्हा दाखल होईल. कोण आहे मालक?”

सगळ्या मजुरांनी दिरांकडं पाहिलं. दीर चौकटीतून बाजूला सरकले.

“या वैनी, पुढं या,” ते म्हणाले. “घर तुमचंच हाय ना!”